मारुतीला बिनतळणीची माळ

श्रीरंगम, १० नोव्हेंबर

ती. अंबुजम अक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की घरात ह्यांना ऐकू जातं. म्हणून हे पत्र. वाचलंत की फाडून टाका.

ऑगस्टात तुमच्या भावाच्या हृदयात दोन स्टेंट बसले. डॉक्टरांनी तळणीचं नाव काढू नका म्हणून बजावलं. ह्यांनी ते इतक्या मुकाट्याने मानलं की मी शेजारीपाजारी कौतुक सांगत सुटले. वर देवभक्तीही लागली. दर शनिवारी आंघोळ करून कपाळावर गंधाचं नाम ओढायचं आणि कोपऱ्यावरच्या मारुतीला जायचं. मी म्हटलं, चला, संकट आलं पण माणूस देवाला लागला.

गेल्या आठवड्यात रक्त तपासलं, तर कोलेस्टेरॉल खाली यायच्या ऐवजी वर! डॉक्टर माझ्याकडे असे बघायला लागले, जशी काही मीच कढई मांडून बसते. आणि परवा फुलवालीपाशी पुजाऱ्यांची बायको भेटली. ह्यांना ती मामा म्हणते. म्हणाली, मामा दर शनिवारी मारुतीला वड्यांची माळ घालतात, काय हो श्रद्धा! अक्का, ती माळ देवाच्या गळ्यात अर्धा तास असते आणि मग ह्यांच्या पोटात जाते. एका बैठकीला नऊ वडे! विचारलं तर साळसूद चेहऱ्याने म्हणतात, प्रसादाला नाही म्हणू नये हे तूच सांगतेस ना? आता मार्गशीर्षात आपल्याकडे मारुतीची जयंती, तिला एकशे आठ वड्यांची माळ बोलून बसलेत. नवस म्हणे, मोडता येत नाही.

जानेवारीत पुन्हा तपासणी आहे. तोवर फरक पडला नाही तर छाती उघडावी लागेल. मामंजी बासष्टाव्या वर्षी गेले, आणि ह्यांना डिसेंबरात बासष्ट पुरी होतात. हे मी तोंडाने बोलत नाही. दुपारी हे झोपले की दारात उभी राहून छाती वरखाली होते ना, तेवढं बघते.

आमच्या लेकाने, मुरलीने कोइमतूरहून एअर फ्रायर पाठवलाय. त्यात वडे करून बघितले. पीठ नेहमीसारखं सैलसर वाटलं, ते जाळीतून खाली गळून तिथेच भाजलं. ह्यांच्याच पेचकसाने खरवडून काढलं. हे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मलाही खरं म्हणजे रडू येत होतं.

हे फक्त तुम्हाला भितात. काहीतरी करा.

तुमच्या मायेच्या भरवशावर असलेली,
वेदवल्ली


कुंभकोणम, १६ नोव्हेंबर

चि. सौ. वेदवल्ली हिस
अ. उ. आ.

पत्र फाडलं नाही, दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही.

तुझा नवरा, माझा धाकटा तंबी, लहानपणापासून लबाड. पण तूही कमाल केलीस! माळेच्या वड्याला सैल पीठ कुणी वाटतं? नीट वाच. उडदाची डाळ अर्धाच तास भिजव, निथळ, फडक्यावर पसर. मग पाण्याचा थेंब न घालता जाडसर वाट. ठेचलेले मिरे, जिरं, हिंग, मीठ आणि दोन चमचे तेल पिठातच मळ. ओल्या फडक्यावर पातळ थाप आणि मधे भोक पाड. भोक चांगलं मोठं हवं, भाजताना ते आवळतं. एकशे ऐंशीवर पंधरा मिनिटं, मधे एकदा उलट. माझी सून अशीच हरभऱ्याच्या डाळीचेही करते, आणि नातवंडं डबा पुसून खातात.

पुजाऱ्यांना आधी विचारून घे. आणि सारनाथनच्या मागे भुणभुण लावू नकोस, वडे त्यालाच थापायला बसव. रेल्वेच्या कारखान्यात जन्म गेला, यंत्र दिसलं की त्याचे हात आपोआप शिवशिवतील.

तब्येतीला जप, तुझीसुद्धा. मुरलीला आशीर्वाद.

अंबुजम


श्रीरंगम, १ डिसेंबर

ती. अक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या भावजयीने घरात हेअर ड्रायर आणलाय आणि ती त्यात वडे वाळवते. पहिला घाणा पाटीच्या तुकड्यांसारखा झाला. दुसरा बरा होता, पण हे मी तिला सांगितलेलं नाही.

पुजाऱ्यांकडे दाद मागितली, तर ते म्हणतात, सोवळ्यात करा, कांदा नको, बाकी तेल किती ते मारुतीने कधी विचारलं नाही. म्हणजे सगळे एका बाजूला आणि मी एकटा! आता तूच माझं वरचं कोर्ट. आपल्या घरची माळ अम्माच्या लोखंडी कढईत तळलेलीच असते, एवढी एकच ओळ लिहून पाठव. मी तिला दाखवतो. वडीलधाऱ्या माणसाचा शब्द ती मोडणार नाही.

तुला माझं दुःख कळायचं नाही म्हणा. तुला तर वडा कधी आवडलाच नाही.

तुझ्या एका ओळीची वाट बघणारा,
सारनाथन


कुंभकोणम, ७ डिसेंबर

चि. तंबीस
अ. आ.

मला वडे आवडत नाहीत हे तुला कुणी सांगितलं? माझं लग्न झालं तेव्हा जेवणावळीत मी लाज सोडून तीनदा वाढून घेतले होते.

अप्पांना पहिला झटका आला तेव्हा तू पोन्मलैच्या रेल्वे कारखान्यात अप्रेंटिस होतास. मी माहेरी आले होते. डॉक्टरांनी सगळं बंद केलं होतं, अम्मा उकडलेलं वाढायची. अप्पा रोज लहान मुलासारखे माझ्या मागे लागायचे. त्या शनिवारी म्हणाले, देवळातून आण गं, प्रसादाला कोण नाही म्हणेल? मी चार वडे पदराखाली लपवून आणले. मागच्या ओट्यावर बसून त्यांनी खाल्ले. इतके खूश झाले होते रे. सोमवारी गेले.

चार वड्यांनी माणूस जात नाही, हे मलाही कळतं. पण त्यानंतर माझ्या घशाखाली वडा उतरला नाही. अम्माला मी हे कधी सांगितलं नाही. यजमानांनाही नाही. आज पहिल्यांदा तुला सांगतेय.

तू ओळ मागितलीस. ती मी लिहिणार नाही. माझ्या हातून हे दुसऱ्यांदा होणार नाही.

तुझी अक्का


श्रीरंगम, ८ जानेवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

उत्तराला महिना लागला. तुझं पत्र वेदवल्लीला वाचायला दिलं. वाचून ती माझ्या शेजारी येऊन बसली. त्या शनिवारपासून देवळात फक्त तीर्थ घेतलं.

जयंतीची माळ झाली. नवस यंत्रातच फेडला. एका वेळी आठ वडे मावतात, म्हणजे चौदा फेऱ्या. पहाटे चारला सुरुवात केली. ती वाटत होती, मी थापत होतो. भोकं एकसारखी यावीत म्हणून नळाचा तुकडा घासून पुसून घेतला. चार वडे मोडले, ते सुट्टीला आलेल्या मुरलीने खाल्ले. माळ मारुतीच्या गळ्यात पडली तेव्हा पुजारी म्हणाले, मामा, हात तेलकट झाले नाहीत हो! मी प्रसाद म्हणून एक वडा घेतला आणि तसाच घरी आणून ठेवून दिला. खाववला नाही.

काल रिपोर्ट आला. आकडे खाली आलेत. छाती उघडायची गरज नाही, असंच चालू द्या म्हणाले. वेदवल्ली डॉक्टरांसमोर रडली, मग बाहेर येऊन मलाच चार शब्द सुनावले.

आता नीट ऐक. अप्पांना तू वडे दिलेस यात तुझी काही चूक नव्हती. त्यांनी देवाचं नाव पुढे करून मागितलं, आणि पोरीला नाही म्हणवेना. अगदी तस्संच मी तुझ्याकडे मागितलं. चूक मागणाऱ्याची असते, अक्का. मी स्वतः मागणारा आहे, म्हणून खात्रीने सांगतो. बेचाळीस वर्षं तू उगाच उपाशी राहिलीस.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं यंत्र घेऊन येतोय. वडे तुझ्या स्वयंपाकघरात करू. तू खाल्ल्याशिवाय मी तोंडात घालणार नाही.

तुझाच तंबी,
सारनाथन


कुंभकोणम, १२ जानेवारी

चि. तंबीस आणि चि. सौ. वेदवल्लीस
अ. आ.

पत्र वाचून खूप रडले. सून घाबरून डॉक्टरांना फोन लावायला निघाली होती.

शनिवारी या. दहाच्या गाडीने या, उशीर करू नका. डाळ मी भिजत घालून ठेवते. तुला दोनच मिळतील, सारनाथन, मोजून. मी मात्र तीन खाईन.

अक्का