गोधडीतली बोट

३ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा पाणी! कस्तुरी बोटीच्या तळाशी चांगलं बादलीभर. वर पांघरलेली गोधडी खालून गच्च ओली.

शेडमधल्या बाकी सगळ्या बोटी ठणठणीत कोरड्या. लोक हिवाळाभर भाडं भरतात ते कशासाठी? बोटीला ऊब मिळावी, ओल धरू नये, इंजिनात बर्फ होऊ नये म्हणूनच ना! मग परक्यांच्या बोटी कोरड्या आणि माझ्या नवऱ्याची, उदयची, तेवढी ओली? शिडी लावून छत तपासलं. कुठे टिपूस नाही.

उदयचं डोकं उलटंच होतं. शेड बांधली, हीटर बसवले, आणि स्वतःची लाकडी बोट मात्र बाहेर ताडपत्रीखाली. मी भांडायचे. "तिला बाहेरच बरं," एवढंच म्हणायचा. भाडेकरूसाठी जागा वाचवतोय, दुसरं काय! तो गेल्यावर या ऑक्टोबरात मी तिला आत घेतली. हीटरशेजारची सगळ्यात चांगली जागा दिली. सासूबाईंनी शिवलेली गोधडी घातली. जन्मभर भूल द्यायचं काम केलं मी. ऑपरेशननंतर माणूस गार पडू द्यायचा नाही, एवढं मला कळतं.

१० नोव्हेंबर

अस्थी घरात ठेवू नयेत म्हणतात, म्हणून कलश शेडमधेच फळीवर ठेवलाय. कस्तुरीच्या बरोबर वर. "मला माझ्याच बोटीतून सोडा, भाड्याच्या नको," हे त्याने हॉस्पिटलमधे माझा हात धरून सांगितलं होतं. एप्रिलमधे वर्ष होईल. तोवर बोट धड राहिली पाहिजे. बाकी मला काही नको.

दिया येऊन गेली. माझी ही सून साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात फिजिओ, मुलगा अंशुमन आठवडाभर केंब्रिजला. त्यामुळे कामावरून जाताना ती माझ्यावर नजर टाकून जाते. शेडची दुसरी किल्ली तिच्याकडे असते.

आज म्हणाली, "आई, हीटर थोडा कमी करू या का? जस्ट कस्तुरीच्या बाजूचा."

"का गं?"

"नो, असंच."

असंच काही नसतं.

१९ नोव्हेंबर

आज त्या पाण्यात करंगळी बुडवून चाखलं. खारट! छतातून खारं पाणी गळतं का कधी? नदी शेडपासून चार पावलांवर, भरतीला समुद्र आत येतो. म्हणजे कोणीतरी बादलीने आणून ओतलंय. मुद्दाम!

कोण? शेजारची बोट जिलची, निवृत्त डेंटिस्ट. हसून बोलते. फार हसून बोलते. हीटरशेजारची जागा तिला हवी होती का?

२० नोव्हेंबर

जिल महिनाभर स्पेनमधे होती. म्हणजे ती नाही.

८ डिसेंबर

पुसून काढलं की चार दिवसांनी पुन्हा पाणी.

पुण्याहून अरुणाचा फोन. धाकटी असून मला शहाणपण शिकवते. "सुनेला किल्ली कशाला दिलीस? विश्वास पानिपतात गेला, ताई!" मी रागावले. म्हटलं, दियाला मी ओळखते. फोन ठेवला आणि शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

कारण संध्याकाळी दिया काय म्हणाली? "आई, एप्रिलमधे बोट नाही रेडी झाला तर आपण दुसरा हायर करू. बाबांना चालेल."

बाबांना चालेल! हिला कोणी सांगितलं? आणि बोट तयार होणार नाही हे हिला आत्ताच कसं ठाऊक?

९ डिसेंबर

कळलं. बोट कुजली की ही म्हातारी शेड सोडेल, घर विकेल, त्यांच्या वरच्या खोलीत येऊन राहील. अंशुमनने मागे विषय काढला होता. तेव्हा दिया गप्प बसली होती. जे गप्प बसतात त्यांचंच भय.

१२ जानेवारी, रविवार

शेडच्या दारापासून बोटीपर्यंत रांगोळी चाळून ठेवली. पातळशी, सिमेंटवर दिसणार नाही इतकी. दिवाळीची उरलेली होती. घरात बसून आहे. लाज वाटतेय, पण उठून पुसत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी शेडमधे पावलं. बुटांची. जाताना आणि येताना.

संध्याकाळी दिया आली, डब्यात तिळगूळ घेऊन. बूट दारात काढले, आत येऊन माझ्या पाया पडली, "तिळगूळ घ्या, गोड बोला," म्हणाली आणि चहा टाकायला गेली. मी दारात येऊन तिचे बूट उलटे केले. खाचांमधे पांढरी रांगोळी.

बूट पुन्हा सरळ ठेवले. चहा प्यायले. साखर जास्त झाली होती.

१६ जानेवारी

कुलूप बदललं.

१९ जानेवारी

"आई, माझी किल्ली लागत नाही."

"लागणार नाही. बदललंय."

तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. चोराच्या मनात चांदणं! मग म्हणाली, "ओके. पण आई, प्लीज, ऐका ना, लाकूड असतो ना, त्याला..."

"मला शिकवू नकोस दिया. माझ्या नवऱ्याची बोट आहे."

गेली. रात्री अंशुमनचा फोन आला, घेतला नाही. तिनेच करायला लावला असणार.

२ फेब्रुवारी

तळ खडखडीत कोरडा! जिंकले.

१६ फेब्रुवारी

रोज जाते. फळ्यांवर हात ठेवते. ऊबदार लागतात. कलशाकडे बघून सांगते, बघ, कशी ठेवलीय तुझी बोट. एकटीच बोलते. दिया चार आठवडे आली नाही. नाही तर नाही.

९ मार्च, रविवार

गोधडी झटकायला उचलली. बोटीत वाकले तर तळातून उजेड येतोय. पलीकडच्या ट्यूबचा उजेड! फळी आणि फळीच्या मधे बोटाचं नख जाईल एवढी फट. एक नाही, सगळीकडे.

जिल तिची बोट बघायला आली होती. माझ्यामागे येऊन उभी राहिली. "ओह नो, आशा! व्हेअर्स युअर गर्ल? द वन विथ द बकेट्स?" मला कळेना. मग तिने सांगितलं. लाकडी बोट उबेत ठेवली की सुकते, फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात. तिला ओलंच ठेवावं लागतं, तेही खाऱ्या पाण्याने, नाहीतर कुजते. उदय म्हणूनच बाहेर ठेवायचा आणि आत पाणी ओतायचा. जिलला वाटलं होतं, मला ठाऊकच असेल. तिची बोट फायबरची, तिला कसलीच भीती नाही.

मी हीटर बंद केला. मग जमिनीवरच बसले. माझ्या हातांनी, गोधडी घालून, मी त्याची बोट फाडली.

फोन लावला. दिया युनिफॉर्मवरच आली. मी विचारलं, सांगितलं का नाहीस?

"बाबांनी मला शिकवला होता, बादलीचा. सांगणार होती ऑक्टोबरमधे. पण तुम्ही रोज हात लावून बघायच्या, गरम आहे का. गोधडी नीट करायच्या. ते आई... मला नाही जमलं. म्हटलं, गुपचूप करते, तुम्हाला कळणार पण नाही."

"मला वाटलं, तुला माझं घर विकायचंय."

"काय?" हसली, मग रडली. "आई, मी तर अंशुमनला नको म्हटलं! तुम्ही इथेच पाहिजे. बोटीजवळ."

तिचे हात धरले. पाण्याने भेगाळलेले हात, हिवाळाभर माझ्या डोळ्यांसमोर होते ते.

"मिटतील का गं फटी?"

"डोंट नो, आई. बघू."

नवी किल्ली तिला दिली. दोघींनी नदीवरून पाणी आणलं. गोधडी मी स्वतः बादलीत बुडवली आणि ओलीच घातली.

३० मार्च

बोट बाहेर, ताडपत्रीखाली. फटी बारीक झाल्यात. सगळ्या नाही.

१३ एप्रिल, रविवार

कलश माझ्या मांडीवर, सुकाणू दियाच्या हातात. जेटी सुटली तसं फळ्यांमधून थोडं पाणी माझ्या पायांशी आलं. "उपसू का, आई?" दियाने विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं. "लागतं तिला."