पन्नास मीटरनंतरची वोल्गा

तीर्थरूप कापाआत्या यांच्या चरणी,

स्त्रेलित्सीहून प्लातोनचा कोपरापासून नमस्कार. (खरं तर कमरेतून वाकून करायचा होता, पण कंबर अजून वाकत नाही, कारण पुढे येईलच.) तुमचे गुडघे कसे आहेत? सिक्तिव्कारच्या डॉक्टरांनी दिलेलं मलम स्वतः लावता, की नेहमीसारखं शेजारणीला देऊन मोकळ्या झालात? ल्युबाताईला, जावईबापूंना आणि पोरांना आम्हा दोघांची आठवण सांगा. इकडे सगळं ठीक. तुमचं मांजर ठीक, टोमॅटो ठीक, काकड्यांच्या बत्तीस बरण्या तुमच्या सूनबाईने, इन्नाने, तळघरात उतरवल्या (दोन फुटल्या, त्या आमच्या होत्या असं ती म्हणते). मीही ठीक. हे शेवटचं वाक्य जरा सावकाश वाचा आत्या, कारण गेल्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास ते मी पुन्हा कधी लिहू शकेन की नाही याचीच शंका होती.

गावदिन आठ दिवसांवर आलेला असताना तुम्ही अचानक दोन्ही गुडघे धरून लेकीकडे का निघालात, हे मला तेव्हा कळलं नाही. स्टेशनवर तुम्ही डब्यात ज्या चपळाईने चढलात, तेव्हाच ओळखायला हवं होतं. पंधरा वर्षं तुम्ही कुंपणाला टेकून अख्ख्या आळीला सांगत होतात, की आमचा प्लातोशा सुट्टीला आला की रोज सकाळी चहाच्या आधी वोल्गा पार करून परत येतो. आत्या, सुट्टीला आलो की मी चहाच्या आधी उठतसुद्धा नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

माझं पोहण्याचं दुकान पन्नास मीटरचं. ते कसं उघडलं तेही तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच तर मला खोकल्यावर उपाय म्हणून आठव्या वर्षी तलावावर नेऊन सोडलंत. तिथलं पाणी तापवायचं यंत्र दर हिवाळ्यात बिघडायचं. बाकीची मुलं पोहायची म्हणून पोहत. मी लवकर बाहेर पडायला मिळावं म्हणून पोहायचो. येगोर फोमिच मास्तरांनी पहिल्यांदा माझी वेळ घेतली तेव्हा घड्याळ हलवून पाहिलं, कानाला लावलं, आणि मला पुन्हा पाण्यात ढकललं. त्यानंतर चोवीस वर्षं मी भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलो. मास्तरांचा एकच मंत्र होता, श्वास घेशील तर हरशील. तेव्हा उडी मारायची, श्वास कोंडायचा आणि भिंतीला हात लागल्यावर सोडायचा. एवढ्या एका कलेवर मी एकदा जगज्जेता झालो, तीनदा युरोपात पहिला आलो, आणि एकदा एक शतांश सेकंदाने दुसरा आलो (आदल्या दिवशी नखं कापली नसती तर पहिला आलो असतो, असं तुम्ही मला फोन करून सांगितलं होतंत). इन्नाने एकदा हिशेब केला, की माझ्या सगळ्या अंतिम फेऱ्या मिळून सतरा मिनिटं भरतात. तेवढ्यात बटाटेही नीट उकडत नाहीत, म्हणाली.

मग खांद्याचं ऑपरेशन झालं, दुकान बंद झालं आणि दोन वर्षांत माझं वजन चौदा किलोंनी वाढलं. दुसरा काही धंदा मला येत नाही. टीव्हीवाल्यांनी समालोचनाला बोलावलं, तर शर्यत सुरू झाली की मी सवयीने श्वास रोखून धरायचो आणि ती संपेपर्यंत प्रेक्षकांना काहीच ऐकू यायचं नाही. दुसऱ्या शर्यतीनंतर त्यांनी मला हार घालून घरी पाठवलं. म्हणून आपले नगराध्यक्ष वेनियामिन अर्सेनिच केक घेऊन दारात आले आणि म्हणाले, दुरुस्तीनंतर मुलांचा तलाव उघडतोय, मास्तर म्हणून तुम्हीच हवात, तेव्हा इन्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही ही नोकरी किती हवी होती हे मी तुमच्यापासून लपवत नाही. केकचा दुसरा तुकडा घेता घेता ते पुढे म्हणाले, की नेमणूक गावदिनी पलीकडच्या काठावर जाहीर करू, तुम्ही आपले नेहमीप्रमाणे पोहत या. मी हसलो. ते हसले नाहीत. तुमच्या आत्याबाईंनीच सुचवलं, म्हणाले.

आता सांगा, सख्ख्या आत्याला नगराध्यक्षांसमोर खोटं पाडू? मी हो म्हटलं. इन्नाने केकचं ताट उचललं आणि आत जाऊन नळ मोठा सोडला.

शनिवारी काठावर बँड, झेंडे, पावापासून केलेल्या आंबट क्वासची टाकी, आणि तुमच्या आळीतले सगळेच्या सगळे. निघण्यापूर्वी इन्नाने मला रीतीप्रमाणे बाकावर मिनिटभर गप्प बसवलं, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. मी चार मिनिटं बसलो. पाचव्या मिनिटाला तिने हाताला धरून उठवलं. दर वर्षीप्रमाणे आपला बर्फात पोहणाऱ्यांचा क्लबही नदी पार करणार होता. तेवीस माणसं, सगळी पेन्शनीत, आणि पुढे त्यांच्या म्होरक्या ग्लाफिरा तिमोफेयेव्ना. (हो, त्याच. तुमच्या कुंपणापलीकडच्या, ज्यांचा उल्लेख तुम्ही बारा वर्षं ‘ती’ असा करता.) एकाहत्तराव्या वर्षी डोक्यावर पांढरी कापडी टोपी, कमरेला दोरीने बांधलेला नारिंगी फुगा, आणि त्या फुग्याच्या कप्प्यात चहाचा थर्मास. आठशे मीटर नदी त्यांना पलीकडच्या वाण्याकडे जाण्याइतकीच वाटत असावी.

मी मनात ठरवलं होतं, की हळूहळू जायचं, मोजून श्वास घ्यायचा. पण वेनियामिन अर्सेनिचनी हौसेने शर्यतीचं पिस्तूल आणलं होतं. बार झाला आणि माझ्या शरीराने मला काही विचारलंच नाही. चोवीस वर्षांची सवय. मी उडी मारली, श्वास कोंडला आणि जीव तोडून पन्नास मीटर हाणले. काठावर लोक वेडे झाले. मग मी भिंतीला हात लावायला हात पुढे केला, आणि भिंत नव्हती.

आत्या, तुम्ही हसाल, पण मी वेळ बघायला मानही वर केली. वर एक पाणपक्षी होता. खाली पाहिलं तर तलावाच्या तळाला असते ती काळी रेघ नाही, नुसता तपकिरी अंधार, आणि त्यातून काहीतरी मऊ येऊन पायाला लागून गेलं. (सराव मी मैलोगणती केलाय, पण पन्नास मीटरला भिंत यायचीच, आणि ती असते या भरवशावरच माणूस पोहत असतो, हे मला त्या दिवशी कळलं.) श्वास पुरेना, पोटरीत वांब आला, कंबर धरली, आणि तेवढ्यात मालवाहू जहाजाची लाट नाकातोंडात गेली. तीस मीटरवर बचावपथकाची नाव होती. हात वर केला असता तर दोघा जवानांनी मला कॉलर नसतानाही कॉलरला धरून वर ओढलं असतं. पण मग बुडणाऱ्या माणसाकडे पोरं कोण पाठवणार? नोकरी गेली, तुमचा शब्द गेला, आणि इन्नाचा तो नळ पुन्हा सुरू. मी हात वर केला नाही. घाबरलो होतो, आत्या. तसा मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

तेवढ्यात मागून क्लबची मंडळी आली. माना पाण्याबाहेर, टोप्या कोरड्या, आणि काकडीच्या लोणच्यात शेपूच्या फुलोऱ्याबरोबर मोहरीचं पान घालावं की नाही यावर वाद जोरात. मला ओलांडून सगळी पुढे गेली. एकट्या ग्लाफिराकाकू थांबल्या.

“काय रे प्लातोशा, कोणाची वाट बघतोयस?”

“भिंतीची,” मी म्हणालो. खरंच असं म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नारिंगी फुगा माझ्याकडे ढकलला. “धर. आणि बोलत राहा.”

“काय बोलू?”

“काहीही बोल. बोलणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो.”

मग मी बोलत सुटलो. आधी तुमच्या मांजराबद्दल बोललो. मग जे इन्नालाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं, की प्रत्येक अंतिम फेरीआधी मला उलटी व्हायची, की तो शतांश हुकला त्या संध्याकाळी मला दुःखापेक्षा हायसंच जास्त वाटलं होतं, आणि त्याची लाज मी नऊ वर्षं बाळगली. काकू हं हं करत पुढे पाय मारत होत्या, मी मागे फुग्याला लोंबकळून पाय झाडत होतो. मध्येच म्हणाल्या, वर बघ, इथून आपल्या देवळाचा घुमट छान दिसतो. खरंच छान दिसतो. मी या नदीकाठी वाढलो, पण तो तिथून कधी पाहिला नव्हता. सत्तेचाळीस मिनिटं लागली आम्हाला. माझ्या सगळ्या अंतिम फेऱ्यांना मिळून लागला त्याच्या जवळजवळ तिप्पट वेळ! आणि पायाला जेव्हा चिखल लागला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. सुवर्णपदक गळ्यात पडलं तेव्हाही इतकं सुटल्यासारखं वाटलं नव्हतं.

पण तेवढ्यात कर्ण्यावरून वेनियामिन अर्सेनिचचा भरून आलेला आवाज आला. बंधुभगिनींनो, बघा, जगज्जेत्याने स्वतःचा वेग बाजूला ठेवून एका वृद्ध नागरिकेला सुखरूप पार आणलं! बँड वाजला. मला फुलं, मानपत्र आणि नेमणुकीचा कागद मिळाला. काकूंना घोंगडी मिळाली. एका तरुण डॉक्टरने त्यांचा रक्तदाब मोजला आणि या वयात असलं साहस बरं नव्हे असं समजावलं. त्या बाईने एकोणतीस वर्षं ही नदी पार केली आहे, आत्या. मी माईक हातात घेतला, तोंड उघडलं, आणि काकूंनी माझ्या पायावर पाय दिला.

“गप्प राहा. पोरांना मास्तर हवाय.”

मी गप्प राहिलो, आणि त्यांच्या थर्मासमधला चहा प्यायलो. तेव्हा सारांश असा, की मी जिवंत आहे, नोकरी मिळाली आहे, तुमचा शब्द खरा ठरला आहे, आणि तुमच्या गुडघ्यांनी आता बरं व्हायला कोणाचीच हरकत नाही.

मलम लावत जा, इन्नाचा नमस्कार घ्या आणि मांजराची काळजी करू नका.

तुमचा,
प्लातोन

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. पाण्यात मधोमध असताना काकूंनी मला शब्द दिला, की फुग्याची गोष्ट त्या कोणाला सांगणार नाहीत, पण तुम्ही मुरांब्याची तांब्याची कढई घेऊन स्वतः त्यांच्या फाटकातून आत यायचं आणि बसून चहा घ्यायचा. मी माळ्यावर चढलो (कंबर त्यामुळेच पुन्हा धरली). कढई जुन्या घसरगाडीमागे गोणपाटात गुंडाळलेली सापडली. ती आपल्या आजीची आहे असं तुम्ही बारा वर्षं सांगता. तिच्या तळाला खिळ्याने ‘ग्लाफिरा’ असं कोरलंय. आपल्या आजीचं नाव अवदोत्या होतं.

दुसरा ता. क. हे पत्र चार दिवस खिशातच राहिलं, आणि मधल्या काळात सगळंच बदललं. काल पालकांची सभा झाली. भिंतीवर माझं मानपत्र लावलेलं, ‘वृद्ध नागरिकेस मदत केल्याबद्दल’, आणि मागच्या बाकावर ती वृद्ध नागरिक टोपी मांडीवर ठेवून बसलेली. मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. भिंत, फुगा, मांजर, सगळं. लोक पोट धरून हसले, आणि वेनियामिन अर्सेनिच सर्वांत शेवटी हसले. एका बाईंनी विचारलं, मग आमच्या मुलांना शिकवणार कोण? काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, “वेगात जायला हा शिकवेल. पोचायला मी.” एकाही मुलाचं नाव कमी झालं नाही. तेव्हा आत्या, तुम्हाला धमकावण्यासारखं आता आमच्याकडे काही उरलेलं नाही. तरीही या. सफरचंदं उतरायला लागली आहेत आणि काकूंचा मुरांबा बारा वर्षं ॲल्युमिनियमच्या पातेल्यात खाली लागतोय.

तिसरा ता. क. तलावाच्या नोंदवहीत मास्तरांसाठीही एक रकाना आहे, ‘पोहता येतं का’. मी प्रामाणिकपणे ‘पन्नास मीटर’ असं लिहिलं. काकूंनी ते खोडून ‘शिकतो आहे’ असं लिहिलंय.