समुद्र, साडू आणि माझं नेतृत्व

२० डिसेंबर, लातूर.
कोकण ट्रिप पक्की. आम्ही दोघं, म्हणजे मी आणि बायको सौदामिनी, तिची धाकटी बहीण श्रद्धा आणि तिचा नवरा वसंतराव, म्हणजे माझा साडू. नांदेडला बँकेत कॅशियर आहे आणि ते कुणाला विसरू देत नाही. गाडीही त्याचीच. सौदामिनीने पन्नाशीत पहिल्यांदा समुद्र बघायचा हट्ट धरलाय. तिने बजावलं, या वेळी वसंतरावांशी भांडलात तर पुढच्या ट्रिपला मी तुमच्याशिवाय जाणार.
संकल्प: भांडायचं नाही. तो कितीही भांडण्यालायक असला तरी.

२६ डिसेंबर, कोकण.
रात्रभर समुद्राची कटकट. झोप नाही. भाजीत खोबरं, आमटीत खोबरं.
उद्या कड्यावरच्या पायवाटेने जायचं, मग खाली उतरून खडकांतली डबकी बघायची. लॉजवाली म्हणाली, सोपी वाट आहे, म्हातारी माणसंसुद्धा जातात. माझ्याकडे बघून म्हणाली. वसंतराव हसला. लक्षात ठेवलंय.
नेतृत्व मी करणार. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, भरती-ओहोटीची आकृती डोळे मिटून काढतो. वसंतरावने मोबाईलमध्ये बघून सांगितलं, दहाच्या आत वर यायचं, नंतर पाणी चढतं. बँकेतल्या माणसाने मला चंद्र शिकवू नये. हे मनात म्हटलं. जरा मोठ्याने म्हटलं गेलं.

२७ डिसेंबर, दुपार.
घडलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण हे तिघं तिखटमीठ लावणार.
वाट खरंच सोपी. त्यामुळे नेतृत्वाला वाव नाही. वर एक पक्षी घिरट्या घालत होता. मी घार सांगितली. वसंतराव म्हणाला समुद्री गरुड. घारच होती.
खाली डबक्यांत खेकडे, शंख, एक तारामासा. सौदामिनी फ्रॉकातल्या पोरीसारखी वाकून बघत होती. मला हाक मारली, अहो, इकडं या की, लई छान हाय. गेलो नाही. मी सामानाची व्यवस्था लावत होतो. चौघांच्या चपला आणि धपाट्यांची पिशवी खालच्या सपाट खडकावर ठेवली. पाणी नुकतंच गेलं होतं. आमच्या गल्लीत नळ एकदा गेला की आठ दिवस निवांत.
दहाच्या सुमाराला वसंतराव ओरडला, चला वर. सामान मी आणतो, म्हटलं. बायका अनवाणीच गेल्या. मी मुद्दाम बसून राहिलो. पाणी आलं. नळाला निदान आधी हवेचा आवाज तरी होतो, याला तेवढीही माणुसकी नाही. चपला गेल्या. धपाटे गेले. मी खडकावर उभं राहून निरीक्षण करत होतो. तेवढ्यात वसंतराव पाण्यात उतरला आणि सगळ्यांसमोर माझा हात धरून मला बाहेर काढलं. पाणी गुडघ्याएवढंच होतं, हे तो वर आल्यावर बोलला. मग मीही बोललो. म्हणालो, तुम्ही ओरडला नसता तर मी वेळेवर निघणारच होतो, पण कॅशियरला माणसं हाकलण्याशिवाय काय येतं?
हे भांडण नव्हे. मतप्रदर्शन.
जांभ्या दगडांवरून अनवाणी परत आलो. पाय सोलले. सौदामिनी श्रद्धाचा हात धरून पुढे निघून गेली. अनवाणी तीही होती.

२७ डिसेंबर, संध्याकाळ.
ते तिघं बाजारातून नव्या चपला घेऊन परत तारामासा बघायला गेले. मला बोलावलं नाही. माझ्या विश्रांतीचा विचार केला असणार.

७ जानेवारी, लातूर.
येताना मला एकट्याला इथे उतरवून तिघं पुढे नांदेडला गेले. चार दिवसांत येते, म्हणाली होती. आली नाही. आज शेवटी मीच फोन केला. श्रद्धाने उचलला. मे महिन्यात अंदमान ठरतंय म्हणे. मागे सौदामिनी हसत होती. तिला एवढं हसताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मी नाक शिंकरलं. कोकणातल्या हवेने सर्दी झालीय.
मी मोठ्या मनाने सांगितलं, मागचं सगळं विसरलो, माझंही तिकीट काढा. श्रद्धा म्हणाली, दाजी, थांबा जरा, अक्काला विचारून सांगते.
मी म्हटलं, थांबायला वेळ नाही, नळ आलाय. आणि फोन ठेवला.
नळ परवा येणार आहे.