सहा मशिनं आणि दोन माणसं

९ मार्च, रविवार

प्रिय दादा,

कसा आहेस? इकडे सगळे ठीक. बाबांचा गुडघा बरा आहे, आई मजेत आहे आणि मी तर फारच मजेत आहे. फोनवर तू 'हं, हं, पुढे बोल' करतोस आणि कापतोस, म्हणून लिहितेय. माझं मराठी इंग्लिश मीडियमचं आहे, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत बसू नकोस.

आधी चांगली बातमी. काळं शिलाई मशीन चालू झालं. तेच, शाळेच्या अडगळीतून उचलून आणलेलं, ज्याचा फोटो बघून तू म्हणालास, "ठमे, कागद उडू नयेत म्हणून ठेव." चाक जागचं हलत नव्हतं. आतलं तेल वाळून गोंद झालं होतं. हेअर ड्रायरने तापवायचं, नवीन तेलाचा थेंब सोडायचा, चाक हळूच ढकलायचं, परत तापवायचं. आठवडाभर हेच. आई म्हणायची, "मशीनला न्हाऊ घातलंस का गं?" आणि मंगळवारी चाक फिरलं. मग टाके सुटायला लागले. दोन दिवस खालचं सगळं खोललं, लावलं, परत खोललं. शेवटी कळलं, मी सुईच उलटी लावली होती. हे कुणाला सांगू नकोस. आता टाका असा येतो ना, की कापडाची सुलट बाजू कुठली ते शोधावं लागतं. अभिमान वाटतो, वाटणारच. मी केलंय ते.

दुरुस्त केलेली एकूण सहा झाली. हिरवं जीन्सला, काळं तलम कापडाला, प्रत्येकाचं काम वेगळं. तू म्हणशील, सहा मशिनं आणि माणूस एक. तर माणूस एक नाही. दोन आहेत.

तू नोकरीसाठी गेल्यापासून आई दुपारी टीव्ही लावून बसायची, बघायची नाही. एकदा मी रॉकेलने मशीन साफ करत होते, त्या वासावरून ओरडायला आली आणि दारातच थांबली. मी म्हटलं, चालवून बघतेस? "नको बाई, बोट जायचं." मोटरवाल्या मशीनला तर हातच लावेना. मग हाताने फिरवायचं छोटं पुढे सरकवलं. दोन टाके घातले, थांबली, परत दोन घातले. म्हणाली, "हे बरंय. मी थांबले की थांबतं."

तेव्हापासून रोज दुपारी ती तिथेच. पडदे झाले, शेजारच्या काकूंचा गाऊन झाला, ढीगभर पिशव्या झाल्या. पिशव्या कशाच्या ते विचारू नकोस. तुझे कॉलेजचे शर्ट तसेही तुला आता होणार नाहीत.

'तिथे' म्हणजे कुठे, ते तुझ्या लक्षात आलं असेल. तुझ्या खोलीत.

तू कळवलंस, नोकरी बदलून कायमचा येतोय, खोली होती तशी करा, भंगार काढा. बाबांनी काल भंगारवाला बोलावला पण. मी भांडायच्या तयारीत होते, पण वेळच आली नाही. आई मशीनवर बसली होती, ती तशीच बसून राहिली.

बाबा म्हणाले, "ऊठ, त्याला उचलायचंय."

"बाही अर्धी झालीये."

"अगं, पोरगा येतोय. त्याला खोली नको?"

"हवी की. मलाही हवीये."

मान वर न करता म्हणाली. आईने स्वतःसाठी काही मागितलेलं तू कधी ऐकलंयस? मी नाही. बाबांनीही नसावं. त्यांनी भंगारवाल्याला रद्दी देऊन पाठवलं आणि मला म्हणाले, "दादाला तूच कळव. मला नाही जमायचं."

तर कळवते. खोली मिळणार नाही. हे वाक्य गोड करून लिहायचा प्रयत्न केला, मराठीत जमलं नाही आणि इंग्लिशमध्येही नाही.

तुझा पलंग हॉलमध्ये खिडकीखाली लावलाय. वारा तिथे जास्त येतो. दुपारी खडखड ऐकू येईल, सवय होईल. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, मला चालतं. आईला एक शब्द बोलू नकोस. आज सकाळी विचारत होती, "आल्यावर तो हसेल का गं मला?"

मी तुझ्या वतीने 'नाही' सांगून टाकलंय. तेवढं सांभाळ.

तुझी खोली बळकावलेली, तरी तुझीच,
ठमी