रद्द झालेलं ड्रॉइंग

अण्णा, आज नववीला अणू शिकवला. काळेवाडीच्या आमच्या शाळेत मी फळ्यावर ओळीने चार चित्रं काढते. आधी भरीव गोळी, मग कलिंगडासारखा गोळा आणि त्यात बियांसारखे इलेक्ट्रॉन, मग मधोमध इवलंसं केंद्रक आणि भोवती कड्यांवर फिरणारे इलेक्ट्रॉन, आणि शेवटी खडू आडवा घासून नुसता ढग. एका मुलीने विचारलं, "मॅडम, पहिली तीन चुकीची निघाली, मग शिकवता कशाला?" तेव्हा मी तुमचं उत्तर दिलं.

मी नववीत होते तेव्हा तुम्ही चाकणच्या कंपनीत टूलरूमला होतात. पुस्तकातलं तिसरं चित्र बघून तुम्ही प्रदर्शनासाठी मला कार्बनचा अणू करून दिलात. लेथवर फिरवलेला पितळी गोळा, तारेची दोन कडी, आतल्यावर दोन आणि बाहेरच्यावर चार बेअरिंगचे छर्रे. छर्‍यांमधली अंतरं तुम्ही व्हर्नियर लावून सारखी केलीत. वाकडं काही तुमच्या हातून निघतच नसे. पुढे अकरावीत सरांनी सांगितलं, इलेक्ट्रॉन असे कड्यांवर फिरत नाहीत, तो कुठे सापडेल याचा फक्त अंदाज करता येतो. मी तणतणत महाळुंग्याला घरी आले. तुम्ही स्वयंपाकघरात जेवताय, आई भाकरी थापतेय. मी म्हणते, "तुमचा अणू चुकीचा आहे. शाळेनं खोटं शिकवलं."

"खोटं कसं?" तुम्ही म्हणालात. "नवं ड्रॉइंग आलं की जुन्यावर आमी लाल शिक्का मारतो, रद्द म्हणून. पर फाडत न्हाई. जुन्या मशिनीचा पार्ट अजून त्याच्यावरच निघतो. ज्यानं ते काढलं, त्याला तवा जेवढं मोजता आलं तेवढं त्यानं नीट मोजलं हुतं."

"आठवी शिकलेल्या माणसाला यातलं काय कळतंय?" मी म्हणाले. आईचा हात थांबला. तुम्ही एवढंच म्हणालात, "जेव, भाकरी गार व्हतीया." आता मीच शिकवते, की हायड्रोजनच्या प्रकाशातले रंग त्या कड्यांच्या अणूवरून आजही बरोबर काढता येतात.

पुढे कधीतरी तुम्ही विचारलंत, अणू कुठं हाय. मी म्हणाले, कॉलेजनं मागून घेतला, प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात ठेवलाय. तुम्ही ते सगळ्या टूलरूमला सांगितलंत. रिटायर झाल्यावर म्हणालात, "एकदा दाखीव की नेऊन." मी परीक्षा चालू आहेत असं सांगितलं. तुम्ही परत विचारलं नाहीत, आणि मग विचारायला राहिलाच नाहीत.

आज सगळं ऐकून ती मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्हाला दाखवाल तो?" माझ्या तोंडून पुन्हा तेच निघालं, कॉलेजच्या कपाटात आहे. अण्णा, तो तिथे कधीच नव्हता. सरांनी शिकवलं त्याच आठवड्यात मी तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवला. मुलीला उद्या खरं सांगेन, ते जमेल. तुम्हाला सांगणं मात्र या वहीतच राहणार. तुम्ही दाखीव म्हणालात, तेव्हाच सांगायला हवं होतं. मला लाज वाटली.