हाकायचं कधी

औरंगाबाद,
१० ऑगस्ट १९६२

ती. सौ. आक्कास, धाकट्या सोनाजीचा शि. सा. न. वि. वि.

तुझी द्वारका खुशाल आहे. दोन वेळा भाकरी खाते आणि उरल्या वेळात मामाचं डोकं. यंदा तिचं मॅट्रिकचं वर्ष. कोणत्या मुलाला पुढं कोणता धंदा, कोणती नोकरी झेपेल हे पाहायचं काम शाळेनं माझ्यावर टाकलंय. त्यामुळं माझ्या वर्गात आता सगळ्यांना एकच धडा एकाच दिवशी नसतो. ज्याची त्याची वही, ज्याची त्याची चाल. हेडमास्तर नाक मुरडतात, मुरडोत बापडे.

द्वारका दर गुरुवारी गुरांच्या दवाखान्यात जाते. परवा मेंढीच्या पोटात आडवं आलेलं कोकरू तिनं हात घालून सरळ केलं, डॉक्टर बघतच राहिले. मॅट्रिक झाली की त्यांच्याच खात्याच्या दोन वर्षांच्या वर्गाला तिला घालू. इंग्रजी तिला आवडत नाही, म्हणून सध्या बाजूला ठेवलंय. ही शिकवण तुझीच: कोकराला हाकायचं नाय, चरू द्यायचं.

दाजींना नमस्कार. भावावर माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
सोनाजी

पाचोड,
२९ ऑगस्ट १९६२

चि. सोनाजीस आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. हे पत्र टपालवाले निजामुद्दीनभाई लिहितायत, मी बोलते तसं.

पोरीचं वाचून घेतलं, ऊर भरून आला. पण एक ध्यानात ठेव. तुझ्या दाजींनी भावकीत बिरोबाच्या हळदीचा भंडारा उचलून शब्द दिलाय. मॅट्रिक पास झाली तर शिकू द्यायचं, नाय झाली तर आखाड लागायच्या आत लगीन. फुलंब्रीची जागा बघून ठिवलीय. भंडारा उचलून दिलेला शब्द आपल्यात मोडत नाय, तुला सांगाया नको.

तुझ्या वह्याबिह्या मला कळत नायत. पोरगी मात्र पास कर. तुझ्या जिवाला जप, बहिणीला इसरू नको.

आक्का

औरंगाबाद,
५ जून १९६३

ती. सौ. आक्कास, सोनाजीचा शि. सा. न.

निकाल लागला. द्वारका नापास. विज्ञानात शाळेत पहिली, आणि इंग्रजीत सोळा गुण.

दोष तिचा नाही, माझा आहे. भूक लागेल तेव्हा खाईल, असं म्हणून मी तो विषय वर्षभर तिच्या पुढ्यात ठेवलाच नाही. जानेवारीत तिनं मला विचारलं होतं की मामा, इंग्रजीचं कसं व्हायचं. होईल, असं मी म्हणालो. आक्का, तेवढा एक शब्द मला परत घेता आला असता तर!

हेडमास्तरांनी आज सगळ्या वह्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. सुट्टीला ती तुझ्याकडं आहे, तूच तिला सांग. आणि दाजींना आवर. ऑक्टोबरात त्या एका विषयाला पुन्हा बसता येतं.

माया मागायला तोंड नाही.

सोनाजी

पाचोड,
८ जून १९६३

चि. सोनाजीस आशीर्वाद.

पोरीला सांगितलं. ती रडली नाय, मेंढरांमागं निघून गेली. सतरा तारखेला हळद ठरली.

तू मेंढरं राखणाऱ्याचाच पोरगा ना? शहरात ऱ्हाऊन अर्धीच गोष्ट ध्यानात ठिवलीस. माळावर कोकरू हाकायचं नाय, खरं हाय. पण पैठणला गोदागंगा आडवी आली की काय करतो आपण? तिथं चरू देतो व्हय? काठी घेऊन, वरडून, मानगूट धरून पलीकडं नेतो. तुला म्होरं नदी हाय हे ठावं होतं, पोरीला नव्हतं. लई वाईट केलंस.

आक्का

ता. क. बहीण रडत होती, ते लिहू नका म्हणाली. मी लिहिलं. निजामुद्दीन.

औरंगाबाद,
१० जून १९६३

ती. सौ. आक्कास शि. सा. न.

तू म्हणतेस ते अक्षर न् अक्षर खरं. मी दाजींच्या पायांवर डोकं ठेवतो, भावकीपुढं कान धरतो, वह्या जाळ म्हणालीस तर जाळतो. फक्त ऑक्टोबरपर्यंत तिला माझ्या हवाली कर. भंडाऱ्यावरचा शब्द कसा फिरवायचा ते मला सुचत नाही. तुला सुचलं तर सुचव. झोप नाही, जेवण जात नाही.

सोनाजी

पाचोड,
१५ जून १९६३

चि. सोनाजीस आक्काचे आशीर्वाद.

काल भावकी बसली होती, तिथं गेले. बायामाणसं तिथं बोलत नायत, मी बोलले. म्हटलं, परीक्षा अजून सरली नाय, एक इषय ऱ्हायलाय, मग शब्द तरी पुरा कसा झाला? थोरले आप्पासाहेब म्हणाले, ह्याला जामीन कोण? तवा म्या भंडारा उचलला. ऑक्टोबरात पोरगी बुडाली तर लगीन आणि त्या दिसापासून मला माहेर नाय. तुझ्या दारात पाय ठेवणार नाय, तू मेलास तरी येणार नाय. आईबाप गेल्यावर माझं माहेर म्हंजी तू एकटा, हे समद्यांना ठावं हाय. म्हणून तर मानलं. सतराची हळद तवर थांबली. तुझे दाजी कालपासून माझ्याशी बोलत नायत.

द्वारका उद्याच्या मोटारीनं येतीय. निजामुद्दीनभाईंनी त्यांच्या हसीनाचं इंग्रजीचं पुस्तक संगं दिलंय. पोरगी रडंल, रुसंल, दवाखान्यात जाते म्हणंल. ऐकू नको. हाक तिला.

बहिणीचा लोभ ऑक्टोबरच्या निकालापतूर हाय. म्होरचा तुझ्या हातात.

आक्का