गाऱ्हाण्यातलं नाव

१७ ऑगस्ट १९८६, रविवार
परवा वाचनालयात दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषावर बोललो. पंचेचाळीस मिनिटं. दोघे झोपले, तरी स्पीच फर्स्ट क्लास. रिटायर्ड हेडमास्तरचा आवाज अजून तसाच आहे.
आज पत्र, मोंबासाहून. माझा धाकटा भाऊ भिकाजी तिकडेच वारला. त्याची मुलगी दुर्गा गणपतीला येतेय. तिची आई तिकडची. लिहिते, "काकानू, गाऱ्हाण्यात घरच्यांची नावां घेतास, तेवां माझा पण घेवा. बाबा सांगी, गाऱ्हाण्यात नाव इला की माणूस घरचो."
रिझोल्यूशन: चतुर्थीला नारळ हातात घेऊन देवाला गाऱ्हाणं घालेन, तेव्हा तिचं नाव सगळ्यांसमोर मोठ्याने घेणार.

४ सप्टेंबर
दुर्गा आली. काळी असणार हे माहीत होतं. एवढी असेल असं वाटलं नव्हतं. हे नुसतं निरीक्षण, यात द्वेष नाही.
वाटेत शेजारचा गंगाराम. कोण ही, म्हणाला. तोंडातून निघून गेलं, युनिव्हर्सिटीची बाई, आपल्या चालीरीतींवर रिसर्च करायला आलीय. का बोललो देव जाणे. संध्याकाळी क्लिअर करतो.

५ सप्टेंबर
क्लिअर करायचं राहिलं.
दुर्गाला म्हटलं, पडवीत बसू नकोस, ऊन लागेल. माझी बायको माई म्हणाली, मोंबासाच्या पोरीला मालवणचं ऊन लागणार? माईला टोचून बोलायची सवयच आहे.
पोरगी सकाळपासून नारळ खवतेय. मान वळवून हसली की हुबेहूब भिकाजी. बघवेना. बाजारात गेलो.

६ सप्टेंबर
गंगाराम घरात येऊन तिच्याशी बोलला. रिसर्चवाली बाई काय मालवणी बोलते, आमच्या सुनेपेक्षा बरी, म्हणाला. म्हटलं, अभ्यास दांडगा. दुर्गा माझ्याकडे बघत राहिली.
उद्या एकदाच सांगून मोकळा होतो. आमच्या लेकीला, नीरजाला, लग्नासाठी बघून गेलेले कणकवलीचे लोक दर्शनाला येणार आहेत, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

७ सप्टेंबर, चतुर्थी. दुपारी ३
घर भरलेलं. कणकवलीचे अगदी पुढे. नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं. मुंबईचे, दुबईचे, कोणाला सोडलं नाही. दुर्गा माईची साडी नेसून दारात उभी. तिचं नाव ओठांवर आलं आणि कणकवलीच्या बाई तिच्याकडे बघताना दिसल्या.
म्हणालो, "आणि ही जी पाव्हणी शिकाक इली हा, तिच्या अभ्यासाक यश दी रे म्हाराजा!"
सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"
तीसुद्धा म्हणाली. मी ऐकलं.
कणकवलीकरांना मोदक आवडले.

८ सप्टेंबर
दुर्गाला समजावायचं ठरवलं. समाज असतो, टॅक्ट लागते. कागदावर चार पॉइंट काढले. माई म्हणाली, "समजावतास काय? तिका सगळा समाजला." माई जेवली नाही. मी जेवलो, पण थोडंच.
पुढच्या वर्षी नाव नक्की. पहिलंच.

९ सप्टेंबर. सकाळी ८
तीन दिवस आधीच निघाली. स्टँडवर गंगारामही होता. आता सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर गाडी लागली. बॅग उचलायला गेलो, तिने दिली नाही. पाया पडेल, काकानू म्हणेल, तेव्हा सांगू असं ठरवलं.
तिने लांबूनच हात जोडले. "थँक यू, सर," म्हणाली. "माझा रिसर्च पुरो झालो."
छत्तीस वर्षं पोरांकडून सर म्हणवून घेतलं. आज तो शब्द ऐकून लाज वाटली. खूप वाटली.
गाडी गेल्यावर गंगाराम म्हणाला, बाई मोठी गुणाची, नाही हो?
मी म्हटलं, हो. कोणाची कोण, पण गुणाची.